पुस्तक फसलं. आता पुढे काय?

चांगलं पुस्तक संपलं की पुढे काय वाचायचं हा प्रश्न मला तरी फारसा पडत नाही. त्या पुस्तकाची धुंदी दोन-चार दिवस टिकते आणि त्या भरात आपण हाताला लागेल ते उचलतो. खरा प्रश्न पडतो तो पुस्तक फसल्यावर. म्हणजे कसं, की मित्रांनी डोक्यावर घेतलेलं पुस्तक, पैसेही बऱ्यापैकी मोजलेले, रोज रात्री जेवण झाल्यावर नेटानं वाचत गेलात, आणि अर्ध्यात लक्षात आलं की ह्यात काही राम नाही. आता?

अशा वेळी लोक काय करतात हे मी आजूबाजूला बघत असतो. बहुतेक जण काहीच करत नाहीत. पुस्तक उशाशी पडून राहतं. त्यावर मोबाइलचा चार्जर येतो, मग हेडफोन, मग गाडीच्या सर्व्हिसिंगचं बिल. वाचायची जी काही अर्धा-पाऊण तासाची वेळ होती, ती रील्स बघण्यात जाते. तीन महिन्यांनी कोणी विचारलं, "काय रे, हल्ली काय वाचतोयस?" तर उत्तर तयार असतं, "छे रे, मराठीत वाचण्यासारखं आता राहिलंय काय!" राग एका पुस्तकाचा, निघतो मात्र अख्ख्या भाषेवर.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. फसलेल्या पुस्तकानं होतं त्यापेक्षा जास्त नुकसान त्यानंतरच्या खंडामुळे होतं. आणि तो खंड टाळायचा एक साधा उपाय आहे. पुस्तकात नेमकं काय कमी पडलं ते एका वाक्यात लिहायचं, आणि पुढचं पुस्तक त्या वाक्यावरून निवडायचं. तेही शक्यतो लहानसं. बस्स. इथून पुढे जे काही लिहिलंय ती ह्याच मुद्द्याची वकिली समजा.

आधी थोडं गणित. (इंजिनिअरची खोड आहे, जाता जात नाही.) समजा तुम्ही वर्षाला २० पुस्तकं वाचता. रिलीज, सपोर्ट आणि रात्रीचे कॉल सांभाळून २० म्हणजे चांगलाच आकडा झाला. आज वय २८ असेल तर ६८ व्या वर्षापर्यंत झाली ८०० पुस्तकं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं आहे, पुण्याचं नगर वाचन मंदिर तर १८४८ सालचं. असल्या जुन्या ग्रंथालयात तुमची जन्माची ८०० पुस्तकं एखाद्या कोपऱ्यात मावून जातील. एवढाच आपला कोटा.

आता ह्या कोट्यात एक पुस्तक फसलं, तर गेलं एक. ७९९ शिल्लक आहेत, रडण्यासारखं काही नाही. पण त्या फसलेल्या पुस्तकामागे तीन महिन्यांचा खंड पडला तर गेली पाच. वर्षातून दोनदा असं झालं की २० ची १० होतात आणि ८०० ची ४००. म्हणून म्हणतो, पुस्तक कसं होतं ह्यावर तासभर वाद घालण्यापेक्षा त्याच्यानंतर काय उचलायचं ह्यावर दहा मिनिटं विचार करणं जास्त फायद्याचं आहे.

बरं, मुळात सोडायचं कधी? नॅन्सी पर्ल नावाच्या एक अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांचा ह्याबाबतीत सोपा नियम आहे. पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर सोडा. वय पन्नासच्या वर गेलं की १०० मधून वय वजा करायचं आणि तेवढीच पानं वाचायची. म्हणजे सत्तरीच्या आजोबांना ३० पानांत सुटका! डॅनिएल पेनाक ह्या फ्रेंच लेखकानं १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली, त्यात पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क चक्क नोंदवून ठेवलाय. तेव्हा अपराधी वगैरे वाटून घेऊ नका. दिलेले साडेचारशे रुपये काही परत येत नाहीत. आणखी दहा तास द्यायचे की नाही, एवढंच आता आपल्या हातात असतं.

आता मुख्य मुद्द्याकडे. ऑफिसात प्रॉडक्शनला काही पडलं की आपण आधी रूट कॉज शोधतो. "सगळं सॉफ्टवेअरच भंगार आहे" असं लिहून तिकीट बंद करता येत नाही. (करावंसं कितीही वाटलं तरी.) पुस्तकाच्या बाबतीत मात्र "बोअर आहे" एवढ्यावर आपण तिकीट बंद करतो. माझ्या मते पुस्तकं साधारण तीन प्रकारे फसतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

पहिला प्रकार अपेक्षेचा. एका लेखकाचं एक पुस्तक भयंकर आवडतं, म्हणून आपण लगेच त्याचं दुसरं आणतो आणि ते तितकं चढत नाही. ह्यात लेखकाचा दोष असेलच असं नाही. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला होता. फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरी काढली तर आईवडिलांइतकी उंच नसतात, थोडी मधल्या उंचीकडे सरकतात. पुस्तकांचंही असंच होतं. कुठल्याही लेखकाचं आपण पहिल्यांदा वाचतो ते बहुधा त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक असतं, कारण लोक तेच सुचवतात. मग दुसरं त्याच्याहून थोडं खाली असण्याचीच शक्यता जास्त. शिवाय आपण दुसऱ्या पुस्तकात पहिलंच शोधत बसतो. 'कोसला' (१९६३) वाचून भारावलेला माणूस 'बिढार' (१९७५) उघडतो आणि पांडुरंग सांगवीकरची वाट बघतो. मध्ये बारा वर्षं गेलेली असतात, नायक चांगदेव पाटील असतो, आणि नेमाड्यांनाही तेच पुस्तक पुन्हा लिहायचं नसतं. अशा वेळी लेखकाला वर्षभर रजा द्यावी. तोवर दुसऱ्या कोणाचं वाचावं आणि मग कोऱ्या मनानं परत यावं.

दुसरा प्रकार वेळेचा. पुस्तक उत्तम असतं, आपली वेळ चुकीची असते. जी. ए. कुलकर्णींची कथा लोकलमध्ये दादर ते कुर्ला उभ्यानं वाचायची गोष्ट नाही. रिलीजच्या आठवड्यात, डोक्यात पंचवीस बग घोळत असताना तर नाहीच नाही. असं पुस्तक बाजूला ठेवा, पण ठेवताना कधी उघडणार ते पहिल्या पानावर पेन्सिलनं लिहून टाका. 'दिवाळीची सुट्टी' किंवा 'पुढचा मे महिना'. तारीख नसलेली कामं कधीच होत नाहीत हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिसरा प्रकार म्हणजे पुस्तक खरोखरच फसलेलं असतं. इथे ते एक वाक्य कामाला येतं.

माझंच उदाहरण देतो. मध्यंतरी मराठेशाहीवरची एक जाडजूड कादंबरी हातात घेतली. नाव सांगत नाही, कारण ती कोणाची तरी जीव की प्राण असणार. १८० पानांवर मी थांबलो. ते एक वाक्य लिहायला बसलो तेव्हा "फार लांबण लावलीय" असंच आधी सुचलं. पण ते काही खरं नव्हतं, लांबलचक पुस्तकं मी आवडीनं वाचतो. थोडा विचार केल्यावर जमलं ते असं: ह्यातल्या प्रत्येक पात्राला पुढचा इतिहास आधीच पाठ आहे. सरदार असो की भालदार, जो तो आपल्यावर पुढे धडा लिहिला जाणार आहे अशा थाटात बोलतो. कोणाला पोट बिघडायची भीती नाही, की उद्या काय होईल ही धास्ती नाही.

एकदा हे कळल्यावर पुढचं सोपं झालं. मला असा माणूस हवा होता जो इतिहासाच्या ऐन मध्यात उभा आहे आणि ज्याला उद्याचं काही म्हणता काही माहीत नाही. असा माणूस मराठीत आहे! पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरची परिस्थिती बेताची, डोक्यावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, असं ऐकून हा भिक्षुक काकांबरोबर घराबाहेर पडला. साल होतं १८५७. वाटेत बंडाची बातमी कानावर आली, आणि फिरत फिरत हे दोघे झाशीला जाऊन पोचले. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. हे सगळं गोडसेभटजींनी पुढे १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून काढलं आणि वैद्यांनी ते संपादून १९०७ साली 'माझा प्रवास' म्हणून छापलं. छापताना बरीच काटछाट केली होती, मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली बाहेर आणला.

ह्या पुस्तकात लढाई आहे, राणी लक्ष्मीबाई आहे, लूट आहे, सगळं आहे. पण ते दिसतं एका घाबरलेल्या, भुकेल्या, हिशेबी माणसाच्या डोळ्यांनी. जीव वाचवायचा कसा, कमावलेले चार पैसे लपवायचे कुठे, काकांना सांभाळायचं कसं, ह्याची त्याला काळजी. पैसे लुटले जातातच. एवढ्या सगळ्यातून हा माणूस गंगेची कावड घेऊन घरी परत येतो! दोन रात्री आणि एक रविवार, तेवढ्यात माझं वाचून झालं. जे मला त्या १८० पानांत मिळालं नव्हतं ते इथे पानापानावर होतं. आणि गंमत म्हणजे, ती कादंबरी फसली नसती तर हे पुस्तक मी आणखी दहा वर्षं उघडलं नसतं.

असंच बाकीच्या वाक्यांचं करता येतं. "सगळी माणसं एक तर देव, नाही तर राक्षस" असं पौराणिक कादंबरीबद्दल वाटलं, तर इरावती कर्व्यांचं 'युगान्त' (१९६७) घ्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. तिचा आधार घेऊन बाई कुंतीकडे, गांधारीकडे, भीष्माकडे माणूस म्हणून बघतात. एकेक लेख एका बैठकीत होतो. "भाषा इतकी नटवलीय की जीव गुदमरला" असं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या, १९३४ पासून भागाभागानं आलेलं पुस्तक, आणि आजही आजी समोर बसून बोलतेय असं वाटतं. "नुसतंच चिंतन, घडत काही नाही" असं असेल तर माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). माणदेशातली धनगरांची वाडी, एक पोरगेला मास्तर आणि शेवटी दुष्काळ. अंगानं बारीक पुस्तक आहे, पण त्यातली माणसं वर्षानुवर्षं आठवत राहतात. "सगळी पात्रं आपल्यासारखीच, आपल्यासारख्याच फ्लॅटमध्ये राहणारी" असा वैताग आला असेल तर दया पवारांचं 'बलुतं' (१९७८). त्यात मुंबई आहेच, पण आपण टॅक्सीच्या काचेतून बघतो ती नव्हे.

आता काय करू नये ते. निराशेनंतर सूड म्हणून एकदम महाग्रंथ उचलू नये. "आता थेट क्लासिकच वाचतो" म्हणत लोक आठशे पानांचा ठोकळा आणतात. तो उत्तमच असतो, पण मन आधीच चिडलेलं असतं, आणि पन्नासाव्या पानावर दुसरा अपघात होतो. लागोपाठ दोन अपघात झाले की माणूस गाडीच काढत नाही. मोठी गडबड झाल्यावर आपण पुढचं रिलीज लहान ठेवतो, तसंच इथे दीड-दोनशे पानांत भागवावं. एक पुस्तक पूर्ण केल्याचं समाधान मिळालं की हात आपोआप पुढच्याकडे जातो.

दुसरं, ऑनलाइन दुकानांतल्या तारकांवर विसंबू नये. सव्वाचार तारका म्हणजे हजार वेगवेगळ्या माणसांची सरासरी, आणि त्यात तुम्ही नसता. त्यापेक्षा माणसांना विचारा. पण "काय आवडलं?" असं विचारू नका. पु.ल. आवडतात असं कोणी सांगितलं तर त्याच्याबद्दल काय कळलं? शून्य! ज्याची खात्रीच असते त्या बातमीत माहिती नसते, हे क्लॉड शॅननचं १९४८ सालचं तत्त्व कॉलेजात परीक्षेपुरतं का होईना शिकलोय आपण. म्हणून "कुठलं गाजलेलं पुस्तक अर्ध्यात सोडलंस, आणि का?" असं विचारा. ज्याची सोडलेल्या पुस्तकांची यादी तुमच्यासारखी, तो तुमचा माणूस. त्यानं सुचवलेलं डोळे मिटून घ्या. ऑफिसच्या कँटीनमध्ये असा एक जरी सापडला तरी वर्षाची सोय झाली.

तिसरं, प्रत्येक पुस्तक विकतच घ्यायला हवं असं नाही. वाचनालय ही फसण्यासाठी केलेली सगळ्यात उत्तम सोय आहे. नाही आवडलं, उद्या परत करा. भारतात ग्रंथालयशास्त्र उभं करणारे रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ साली पाच नियम मांडले. त्यांतल्या दोघांचा मथितार्थ असा, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दुसरा भाग मला फार आवडतो. मी सोडलेलं पुस्तकही कोणाची तरी वाट बघत असणार, माझ्या उशाशी चार्जरखाली ते त्याला कसं भेटेल? आणि दिवाळी अंक तर आहेतच. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा. एका अंकात पंधरा-वीस लेखकांची चव घेता येते, त्यातलं एखादं नाव नक्की धरून ठेवण्यासारखं निघतं.

ह्यावर कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण अशानं आपण फक्त सोपंच वाचत राहू. काही पुस्तकं पन्नास पानांनंतरच उघडतात त्याचं काय? मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच ते एक वाक्य प्रामाणिकपणे लिहायचं. "मला कळत नाहीये" आणि "ह्यात कळण्यासारखं काही नाहीये" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं असेल तर पुस्तक सोडू नका, वेग कमी करा, दिवसाला पाच पानं वाचा. अवघड पुस्तकाला वेळ द्यावाच लागतो. पोकळ पुस्तकाला कितीही वेळ दिला तरी ते भरत नाही.

आणि एवढा आटापिटा कशासाठी, हेही सांगून टाकतो. आपल्यातले बरेच जण दिवसभर इंग्रजीत मेल लिहितात, हिंदीत चहा पितात, आणि घरी फोनवर पाच मिनिटं मराठी बोलतात. "जेवलास का? बरा आहेस ना? पैसे पाठवू का?" ह्यापलीकडची मराठी, ज्यात वाद घालता येतो, दुःख नीट सांगता येतं, माणसाची टर उडवता येते, ती माझ्या तरी कानावर फारशी पडत नाही. ती आता मला पुस्तकातच भेटते. वाचन तुटलं की ती मराठी हळूहळू आपल्याला परकी होते, आणि मग "मराठीत काही राहिलं नाही" हे वाक्य खरं ठरतं. फरक एवढाच की राहिलेलं नसतं ते आपल्यात.

असो. तेव्हा पुढच्या वेळी पुस्तक फसलं तर शिव्या जरूर द्या, पण त्याच रात्री, राग ताजा असताना, ते एक वाक्य लिहा. आठवडा गेला की त्याचं नुसतं "बोअर होतं" एवढंच उरतं, आणि त्यावरून काही निवडता येत नाही. शनिवारी वाचनालय उघडं असतं. ते वाक्य घेऊन जा, काउंटरवरच्या काकांना किंवा बाईंना दाखवा, आणि म्हणा की ह्याच्या बरोब्बर उलटं काहीतरी द्या. दोनशे पानांच्या आतलं.